वरच्या तळ्याकाठची जागा

डोंगरावरच्या सरकारी तंबूतळाच्या राखणदाराला सगळे हजेरीवाले काका म्हणत. जंगलात तीन तळी आणि त्यांच्या काठाने तंबू ठोकायच्या जागा. येणारी मंडळी काकांच्या खिडकीशी नकाशावर बोटं ठेवून भांडत. नवऱ्याला सावली हवी, बायकोला नळ जवळ हवा, पोरांना पाणी दिसायला हवं. काका तोंड वाकडं करून सगळं ऐकत आणि शेवटी आपल्याच मनातली जागा त्यांच्या गळ्यात मारत. वरच्या तळ्याकाठची सगळ्यात देखणी जागा मात्र ते कुणालाच देत नसत. तिथे गांधीलमाश्या आहेत, असं बेधडक ठोकून देत. वाटेत ओंडकेही त्यांनीच आडवे टाकले होते.

दिवेलागणीला काका प्रत्येक तंबूपुढे हजेरी घेत. एकाने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलेलं चालत नसे, ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने ओ द्यायची. काका तान्ह्या बाळालाही चिमटा काढून रडवतील, असं लोक हसून म्हणत. घरी त्यांची बायको बाजारातून परतली तरी "आले हो, पिशवीसकट आले" म्हटल्याशिवाय तिची सुटका नसे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी काका बाहेरून "आले का सगळे?" विचारत, आतून कुणीतरी "आले" म्हणे आणि काका पुढे सरकत. एकदा वरच्या तळ्याकाठी एक बहीणभाऊ उतरले होते. त्या संध्याकाळी बहिणीने पांघरुणातूनच "आले" म्हटलं. भाऊ तंबूमागे भांडी विसळतोय अशी तिची समजूत होती, आणि तो भांडी घेऊन तळ्यावर गेला होता. ती तशीच झोपून गेली. सकाळी काठावर भांडी सापडली आणि दुपारी तो. रात्रभर कुणी शोधायला गेलंच नाही, कारण सगळे आले होते ना.

चौकशीत काकांवर ठपका आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं ते बायकोला एकदाच म्हणाले. पुढे त्या जागेवरून जाताना रोज त्यांच्या कानावर तेच "आले" पडू लागलं. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण हा आवाज मेलेल्या भावाचा नव्हता, जिवंत बहिणीचा होता, आणि म्हणूनच त्यांना त्याची जास्त भीती वाटे.

यंदा ती बहीण आली. केस पिकलेले, पाठीवर पिशवी, सोबत कुणी नाही. काकांनी ओळख न दाखवता खालच्या तळ्यापाशी सावलीची जागा पुढे केली. तिने वरच्या तळ्यावर बोट ठेवलं. काकांनी गांधीलमाश्यांची सबब पुढे केली, पण ती ढिम्म हलेना. ही जीव द्यायला तर आली नाही ना, अशी काकांना शंका आली. त्यांनी सरळ तसं विचारलंच.

"नाही हो काका. घरी मुलं आहेत, नातवंडं आहेत," ती म्हणाली. "पण रोज अंधार पडायला लागला की तुमचा प्रश्न ऐकू येतो, आणि माझ्या तोंडून तेच उत्तर जातं. तिथे मला परत एकदा विचारा. एवढंच करा."

काकांनी ओंडके बाजूला ढकलले, तिला तंबू ठोकून दिला आणि संध्याकाळी बाकीची हजेरी उरकून सगळ्यात शेवटी तिच्या तंबूपुढे जाऊन उभे राहिले.

"आले का सगळे?"

"नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ आला नाही."

काका पळाले. गुडघेदुखीचा माणूस, पण आपल्या खोलीपर्यंत खरोखर पळत गेले, बॅटरी घेतली आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. ती ऐकून खालच्या तंबूंतली माणसं धावत वर आली. कोण हरवलंय, कसा दिसतो, असं विचारू लागली. काकांनी त्याचं नाव सांगितलं, तेव्हाचं वय सांगितलं, सदऱ्याचा रंगसुद्धा सांगितला. एकही शब्द चुकला नाही.

"कधीपासून दिसत नाही?" कुणीतरी विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "आत्ताच पाण्याकडे गेलाय."

माणसं बॅटऱ्या घेऊन काठाकाठाने पांगली आणि त्याला हाका मारू लागली.