आईने शिकवलेला कोर्को

आमच्या गावात कुणाचं लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी केसोरकडे निरोप जातो. खांबांवरच्या आपल्या घराखाली ती उखळ घेऊन बसलेली असते, खांद्यावर चौकड्याचा पंचा, केस वर बांधलेले. "पाहुणे किती?" एवढंच विचारते आणि पुन्हा कुटायला लागते. तिच्या हातचा कोर्कोचा रस्सा खाऊन बट्टामबांग शहरातून आलेली मंडळी बोटं चाटतात. "ही बाई शिकली कुठे?" असं कुणीतरी विचारतंच. गावातले म्हणतात, "आईकडे, आणखी कुठे?"

तिच्या आईने तिला काय शिकवलं ते मी शेजारच्या बाजेवर बसून पाहिलं आहे.

केसोर माझी विद्यार्थिनी. वर्गात खिडकीजवळ बसायची, अक्षर मोठं आणि थोडं उजवीकडे झुकलेलं. उत्तर येत असलं तरी हात पटकन वर करायची नाही. आधी खात्री करून घ्यायची. तिची आई थावी आणि मी एकाच वयाच्या, आमच्या दोघींच्या कुंपणात एक शेवग्याचं झाड, कुणाचं ते आजवर ठरलेलं नाही. थावीला मुली दोन. थोरली मोनी, धाकटी केसोर. मोनीला आईने हात चुलीपर्यंत पोचायला लागल्यापासून सगळं शिकवलं. केसोर मात्र चुलीजवळ आली की आई तिला हाकलायची.

"जा, बाईंकडे जा. पुस्तक घेऊन बस. इथे काय ठेवलंय?"

"आई, मला नुसतं बघू दे ना."

"बघायला काय, वांगं आहे ते. वांग्यासारखं दिसतं. जा!"

गावाला याची गंमत वाटायची. नदीकाठी सकाळी तांदळाच्या शेवया विकणारी रेन तर तोंडावर म्हणायची, "थावी, राणी वाढवतेस का गं? उद्या तिच्या नवऱ्याला काय पुस्तक खायला घालणार?" थावी हसून सोडून द्यायची. पण आमच्याकडे घर धाकट्या लेकीचं. आईबापांचं म्हातारपणही तिचंच. जावई येतो तो याच घरात येतो. थावी स्वतः धाकटी. तिच्या आईला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नसे, म्हणून थावी तरुणपणी शहरात नाचगाण्याच्या मंडळात जायची होती ती गेली नाही. नंतरही कधी गेली नाही. नदीपलीकडच्या बाजारापुढे तिने जग पाहिलं नाही.

केसोर मात्र गेली. सुईणीचं शिक्षण देणाऱ्या सरकारी शाळेत तिला जागा मिळाली. पांढरा गणवेश घालून ती सुट्टीला आली तेव्हा थावीने तिला अंगणात दोनदा फिरवून आणलं, जशी काही विकायला काढलेली वासरी. त्याच्या दुसऱ्या वर्षी थावीचं उजवं अंग गेलं. वाचा राहिली, जरा जड झाली, पण हात आणि पाय लाकूड झाले. नवरा, सामोन, आधीच वारला होता. केसोर पहिल्या मिनीबसने आली.

मोनी आणि तिचा नवरा सरहद्दीवर पॉइपेटला हातगाडीवर माल ओढायचे. मोनी दोन दिवसांसाठी आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून बहिणीशी बोलली. मी शेवग्याच्या शेंगा काढत होते, सगळं ऐकू येत होतं.

"धाकटी तू आहेस, केसोर. मी काही वेगळं सांगत नाहीये."

"मला माहीत आहे, ताई."

"पण शाळा आहे तुझी, तेही मला कळतं. पितरांच्या पंधरवड्यापर्यंत बघ. आईच्या पोटात अन्न जायला लागलं, तुला जमलं, तर तूच राहा. खरंच नाही जमलं तर आम्ही दोघं गाडी विकून इथे येतो. उपाशी थोडीच ठेवायची तिला?"

शाळेनेही केसोरची जागा तेवढ्याच मुदतीपर्यंत राखली होती. मोनी वाईट नव्हती. गाडी विकली असती तर तिचंही सगळं संपलं असतं.

मग धडे सुरू झाले. घराखाली बांबूच्या बाजेवर थावी उशीला टेकून बसायची, डाव्या हातात पंखा. समोर चूल, उखळ आणि केसोर. पंखा हेच तिचं बोट.

"गवती चहा आधी. बारीक चिर. बारीक म्हणजे बारीक, तू काय सरपण फोडतेस? आता हळद, लसूण, लिंबाचं पान. कूट. खांद्याने नको कुटूस, मनगटाने."

पहिला पदार्थ अर्थातच कोर्को. ढवळत ढवळत करायचा हा रस्सा आमच्याकडे रोजचाच. कुटलेलं वाटण, मागूर मासा, कच्ची पपई, हिरवी केळी, भोपळा, शेवग्याचा पाला, मडक्यात मुरवलेल्या माशांचं प्राहोक, आणि रस्सा दाट करायला भाजलेल्या तांदळाचं पीठ. सामोनला हाच आवडायचा. दुसरं काही केलं तर विचारायचा, "आज कोण आजारी आहे?"

केसोरचा पहिला कोर्को मी खाल्ला. तांदळाची खळ लावल्यासारखा दाट झाला होता आणि प्राहोकचा कच्चा वास वाटीआधी येऊन पोचला होता. थावीने दोन घास घेतले आणि वाटी सरकवली. उरलेला रेनने नेला. दुसऱ्या दिवशी काठावरून तिचा आवाज आला, "केसोर, तुझा रस्सा आमच्या कुत्र्याला घातला गं! बिचारा संसार सोडून विहारात जाऊन बसलाय!"

केसोर ओशाळून हसली. मला म्हणाली, "बाई, प्राहोक शेवटी घालायचं ना? उतरवताना? आणि तांदूळ जरा पिवळसर झाला की काढायचा?"

मी थावीकडे पाहिलं. प्राहोक आधी वाटणाबरोबर परततात आणि तांदूळ पार तपकिरी होईपर्यंत भाजतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थावीचा पंखा थांबला होता.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही पाढे शिकवा. चुलीकडचं मी बघते."

केसोर पाणी आणायला नदीवर गेली तेव्हा थावी हळूच म्हणाली, "माझ्या आईने मला सगळं नीट शिकवलं होतं. काही लपवलं नाही." मग बाजेवर हात आपटून म्हणाली, "म्हणून मी इथे."

त्या पावसाळ्यात नदी रस्त्यावर आली. मिनीबस यायची थांबली. घराखाली गुडघाभर पाणी, म्हणून बाज, चूल, उखळ, सगळं वर एका खोलीत गेलं. केसोरचे दिवस त्या खोलीत गेले. आईला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, पुन्हा कुटायचं. खिडकीतून दिसायचं ते पाणी आणि बाईंचं, म्हणजे माझं, छप्पर. कोपऱ्यात खुंटीला पांढरा गणवेश टांगलेला होता. एकदा मी होडीतून गेले तर ती त्याला नाक लावून उभी होती.

"प्राहोकचा वास लागलाय, बाई. धुतला तरी जात नाही. माझ्या हातांचाही जात नाही."

"लिंबू लाव."

"लावलं." तिने हात पुढे केले, वर्गात नखं दाखवायची तसे. "रात्री झोपेत पण कुटत असते मी. आईचा श्वास आणि उखळ, दोन्ही एकाच तालात ऐकू येतं. श्वास चुकला की जाग येते."

मला तरी ती खरोखर प्रयत्न करताना दिसायची. आंबट रस्सा, केळीच्या पानात वाफवलेला मासा, भोपळ्यात शिजवलेली खीर. प्रत्येकात काहीतरी एक उणं राहायचं. थावी दोन घास खाऊन तोंड फिरवायची. गाल बसले होते. मोनीच्या फोनवर मात्र ती खणखणीत बोलायची. "नाही गं जमत पोरीला. हात नाही तिला. तूच ये बाई." आणि ते सांगताना डोळ्यांत अशी चमक, जशी परीक्षेत पोर पहिलं आल्यावर आईच्या डोळ्यांत येते.

पाणी उतरलं आणि पितरांचा पंधरवडा लागला. एका दुपारी केसोर माझ्या पायरीवर येऊन बसली.

"बाई, आई मला चुकीचं शिकवते."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"लहानपणी मी वर बसून तुम्ही दिलेला अभ्यास करायचे ना, तेव्हा खालून भाजलेल्या तांदळाचा वास यायचा. जळतोय की काय असं वाटायचं, तिथपर्यंत ती भाजायची. आता नुसता वास सुटायला लागला की ओरडते, उतरव, उतरव!"

"मग तू काय करतेस?"

"उतरवते," केसोर म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. त्या सबंध पावसाळ्यात मी तिला मोकळेपणाने हसताना पाहिलं ते तेवढंच. म्हणजे मायलेकी दोघी मिळून रस्सा बिघडवत होत्या, आणि एकमेकींना तसं कळू देत नव्हत्या. मोनी यायला चार दिवस राहिले होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मग ती हसता हसता थांबली. "बाई, पितर सात विहार हिंडतात ना? घरचं अन्न कुठे मिळालं नाही तर उपाशी परत जातात?"

"असं म्हणतात."

"आणि मिळालं, पण ते आपल्या घरचं वाटलंच नाही, तर?"

उत्तराची वाट न पाहता ती उठून गेली.

विहारात अन्न न्यायची थावीच्या घराची पाळी आली त्या सकाळी मोनी आणि तिचा नवरा पोचले होते. मोनीने येताना गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. घराखाली बाजेवर थावी, शेजारी मोनी तिचे केस विंचरत, आणि मी चार पुडांचा डबा पुसत. केसोर चुलीशी. तिने प्राहोक आधी वाटणात घातलं. थावीने मान उंचावून पाहिलं. मग कढईत तांदूळ पडले. थोड्या वेळाने वास सुटला.

"उतरव," थावी म्हणाली.

केसोर हलवत राहिली.

"केसोर! उतरव म्हणते ना!"

"थोडं राहिलंय, आई."

"जळतंय गं! ऐकू येत नाही का? बाई, सांगा हिला!"

"जळू दे, आई," केसोर म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"काहीतरीच काय, आई," मोनी म्हणाली, "जळत कुठे आहे? बरोबर भाजलंय की. मला असंच शिकवलं होतंस ना?"

थावीच्या हातातला पंखा खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

विहारात केसोरने डबा भिक्खूंपुढे ठेवला. सामोनचं नाव घेतलं गेलं, पाणी ओतलं गेलं. हात जोडून बसलेल्या केसोरच्या चेहऱ्यावर मला ती वर्गातली मुलगी दिसली, उत्तराची खात्री झालेली.

घरी येऊन उरलेला कोर्को आम्ही खाल्ला. मोनीने पहिला घास घेतला आणि चमचा तसाच धरून बसली. डोळे भरून आले. "आईचा हात," ती म्हणाली. "हुबेहूब. अगं, कधी शिकलीस?" तिचा नवरा तीन वाट्या जेवला. मग इकडचं तिकडचं बोलत त्याने विचारलं, परतीची बस कधी असते? मोनीने बहिणीकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं गेली. गाडी विकली नाही.

दोघं गेल्यावर मी निघणार तेवढ्यात थावी केसोरला म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो," केसोर म्हणाली.

"कधीपासून?"

"पाणी चढलं तेव्हापासून."

"मग कशाला गं? आणखी एक दिवस. एकच दिवस नीट बिघडवायचं होतं!"

"बाबांना तसलं कसं देऊ, आई?"

थावीने डोळे मिटले. मग भडकलीच. "बाबांना! त्या माणसाला जिवंतपणी चव कळली नाही! माझ्या कोर्कोवर मूठभर मिरच्या आणि वाटीभर माशांचं खारं पाणी ओतून खायचा. तू खीर दिली असतीस तर त्याच्यावरही ओतलं असतं. त्याच्यासाठी तू…" केसोर खाली मान घालून उभी होती, खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला मागून कळलं नाही.

"आण," थावी शेवटी म्हणाली. "उरला असेल तर वाढ. भूक लागलीये." आणि तिने सगळी वाटी संपवली, किती तरी महिन्यांत पहिल्यांदा.

केसोरची जागा शाळेने दुसऱ्या मुलीला दिली. गणवेश बरेच दिवस खुंटीवर होता. एकदा पाहिलं तर खुंटी रिकामी होती. त्यानंतर थावीने तिला खरं शिकवलं, एकेक पदार्थ, पंख्याने चुका दाखवत. लेकीला हात आहे हे तिला पहिल्या दिवसापासून दिसलं असणार. जितकी केसोर शिकली तितकं तिच्यावाचून कुणाचं चालेना. आईचं नाही, मग गल्लीचं नाही, मग गावाचं नाही. कुणी मागणी घालायला आलं तर थावी आधी विचारायची, "शहरात घर आहे का?" नसायचं. थावी पुष्कळ वर्षं जगली. गेली तेव्हा केसोरच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मोनी म्हणाली, "आता तू मोकळी आहेस. पॉइपेटला ये." केसोर म्हणाली, "पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत. शब्द दिलाय."

सकाळची मिनीबस अजून तिच्या घरासमोर थांबते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, ती आतून हात हलवते, तो पुढे जातो.

पंधरवड्यात तिच्या चुलीवर दोन पातेली असतात. मोठ्यात बाबांचा कोर्को, वास आमच्या घरापर्यंत येतो. लहान पातेल्यात ती तांदूळ पिवळसर होताच उतरवून, कुटून टाकते, आणि प्राहोक अगदी शेवटी. यंदा रेन, आता पाठीतून वाकलेली, काठी टेकत आली, लहान पातेल्यावर वाकली आणि नाक मुरडलं.

"मेले, एवढी वर्षं झाली आणि हे काय बिघडवून ठेवलंस?"

"बिघडलेला नाही, मावशी," केसोर म्हणाली आणि डब्याच्या सगळ्यात वरच्या पुडात तिने तो काळजीपूर्वक ओतला. "तो आईचा आहे. तिने शिकवला तसाच."