चीज तपकिरी नसतं

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नाताळात नॉर्वे पाहून आम्ही बोटीने इंग्लंडला परतलो. बंदरावरच्या कस्टमवाल्याने माझ्या बॅगेतून नॉर्वेच्या चीजची वडी काढली. दिसायला थेट भाजलेल्या खव्यासारखी, तपकिरी. त्याला चरस वाटली असणार. कानावरची पेन्सिल त्याने तिच्यात खुपसली आणि दोनदा वास घेतला. इतक्या मऊ आवाजात संशय घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"चीज तपकिरी नसतं, सर."

"अहो, त्यालाच एक तुकडा द्या ना," बायको पुटपुटली.

त्याने सुरीने वडीचा पार चुरा केला, मग हात पुसले आणि आम्हाला सोडलं.

रांगेत माझ्यापुढे असलेल्या गोऱ्या आजोबांकडेही तसलीच वडी होती. ती पाहून तो हसून म्हणाला होता, "माझ्या बायकोलाही हे चीज फार आवडतं."