कोल्ह्याला जर्मनमध्ये काय म्हणतात

यशपाल गजभिये माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी कबूल करते, की पहिली दोन वर्षं मी त्यांची नुसती चेष्टाच केली. जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत ते यंत्रं सांभाळतात. मूळचे पवनीजवळच्या खेड्यातले, बौद्ध, सकाळी वंदना झाल्याशिवाय चहाला हात न लावणारे. आणि हा माणूस हिवाळ्यात शिकाऱ्यांबरोबर जंगलात जायचा!

"यशपालभाऊ, पहिलं शील कोणतं हो?" मी जिन्यात मुद्दाम विचारायची.

ते लाजून हसायचे. "मी कुठे मारतो, संध्याताई? मी फक्त कुत्री सोडतो."

कुत्री आमच्या घरमालकांची, क्लामरोट यांची. गावामागच्या जंगलात शिकारीचा हक्क त्यांच्याकडे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना काठी लागली आणि आस्टाला फिरवायचं काम यशपालभाऊंकडे आलं. आस्टा ब्राके जातीची, लांब कानांची, एकदा माग लागला की ओरडत सावजामागे धावणारी. इथे शिकारी जंगलाच्या कडेने मचाणांवर बसतात आणि कुत्री आत शिरून जनावरं हुसकून त्यांच्यासमोर आणतात. यशपालभाऊ कुत्र्यांबरोबर आत जाणारे. बंदुकीला त्यांनी कधी बोटही लावलं नाही.

मला आधी ते विचित्र वाटायचं. मग कळलं. संस्थेत त्यांचं जर्मन तोकडं पडायचं, मीटिंगमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत मान हलवत बसायचे. जंगलात मात्र ओल्या मातीतला खूर बघून डुक्कर कधी गेलं, किती मोठं होतं, सगळं सांगायचे. क्लामरोट त्यांना "माइन यश" म्हणत. अख्ख्या जर्मनीत त्यांना आपलं म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांनी माझी बेल दोनदा वाजवली. "ताई, खाली या. लवकर!" माझा ऑफिसचा कॉल चालू होता. वैतागून चपला घालून गेले. घरामागे मक्याचं शेत, त्यापलीकडे जंगल. तिकडून एक लांबलचक हाळी उठली, वर वर चढत गेली आणि तिच्यात दुसरी मिसळली.

"कोल्हेकुई," यशपालभाऊ म्हणाले. त्यांनी फोन उंच धरला होता. फोनवर नागपूरहून त्यांची बायको, धम्मदीपा. ती तिथे शाळेत शिकवते. "अहो, हा तर आपला कोल्हाच की!" ती ओरडली. यशपालभाऊंचे डोळे भरून आले होते. इतका आनंदलेला माणूस मी त्या देशात पाहिला नव्हता, आणि माझं लक्ष म्यूट केलेल्या कॉलकडे होतं.

आठवड्याने त्यांना तो दिसलाही, ओढ्याकाठच्या खळग्यात, मादीबरोबर. ते वर आले. "ताई, तो तांबडा नाही. इथले फुक्स मी बघितलेत. हा आपल्याकडचा आहे. पिवळट, उंच पायांचा, शेपूट आखूड. ह्याला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"अहो, फुक्सच," मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं. "फॉक्स म्हणजे कोल्हा, शाळेत शिकलो ना? तुमचा जरा वेगळ्या रंगाचा असेल."

"नक्की?"

"नक्की." माझी जर्मनची सी-वन ही वरच्या पातळीची परीक्षा झालेली, त्याचा मला कोण माज! मोबाइल हातातच होता. बघायला दहा सेकंदं लागली असती.

नोव्हेंबरात मोठ्या शिकारीचा दिवस ठरला. यशपालभाऊंना झोप लागेना. त्या जोडीला काही होता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात. ते मला घेऊन क्लामरोटांकडे गेले, कारण अशी नाजूक गोष्ट त्यांना त्यांच्या जर्मनमध्ये सांगवत नव्हती. मी दुभाषी. मी सांगितलं, की खळग्यात दोन फुक्स आहेत आणि ह्या वर्षी त्यांना सोडावं अशी यशची विनंती आहे.

क्लामरोट गोंधळले. "फुक्स कशाला सोडायचा? दिसतो कसा?"

मी भाऊंना विचारून सांगितलं. पिवळट, हडकुळा, शेपटीला केस कमी.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "आल्झो, असं होय! खरूज झालीय बिचाऱ्याला. थंडीत कुडकुडून मरेल. मग तर एका गोळीत त्याला ह्या हालांतून आधी सोडवायला हवं."

ते मी मराठीत सांगितलं तेव्हा यशपालभाऊ उठून उभेच राहिले. "नाही, नाही! तो ठणठणीत आहे. रोज गातो, सांगा ना त्यांना!"

"यश म्हणतो, तो फुक्स गातो," मी सांगितलं. क्लामरोट हसले. मीही हसले.

शिकारीच्या सकाळी त्यांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपण गेलो नाही तर आस्टाला दुसरा कोणी नेणार आणि खळग्यातच सोडणार, हे लक्षात आल्यावर गेले. मैदानात सगळे गोल उभे राहिले. कशावर गोळी झाडायची ते क्लामरोटांनी वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, ओढ्याकाठी एक खरजेचा फुक्स आहे, दिसला तर कृपा करून त्याला सोडवा. एवढं जर्मन यशपालभाऊंना कळलं.

त्यांनी आस्टाला मुद्दाम पलीकडच्या उतारावर सोडलं, खळग्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. अर्धा तास डुकरांमागे तिचा आवाज फिरत राहिला. मग तो बदलला, बारीक झाला आणि ओढ्याकडे वळला. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी शिट्टी वाजवली, हाका मारल्या, ओढ्यात उतरताना पडले, गुडघा फुटला. मागावर असलेलं कुत्रं कोणाचं ऐकत नाही. तिनेच त्याला खळग्यातून काढलं, तिनेच रस्त्याकडच्या मचाणासमोर आणलं. मग गोळीचा आवाज आला आणि आस्टा गप्प झाली.

दुपारी मी डाळीच्या सूपचं पातेलं घेऊन गेले, दर वर्षी नेते तशी. मारलेली जनावरं फर झाडाच्या फांद्यांवर ओळीने मांडली होती. सहा डुकरं, तीन हरणं आणि टोकाला तो. जवळून बघितल्यावर मलासुद्धा कळलं, की हा आजारी नव्हता. केस दाट होते, दात पांढरे स्वच्छ.

क्लामरोट काठीवर वाकले. त्याचा पुढचा पंजा उचलून बघितला. मधल्या दोन बोटांच्या गाद्या खाली एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्यांनी टोपी काढली. "गोल्डशकाल," ते म्हणाले.

जॅकल! तो शब्दही मला शाळेपासून येत होता. आपल्याकडे दोघांनाही सर्रास कोल्हा म्हणतात, एवढीच गोष्ट.

"कायद्याने हा मारायचा नसतो," क्लामरोट सगळ्यांना म्हणाले. "हा इथे आहे हे नुसतं कानावर आलं असतं, तरी मी शिकार बंद ठेवली असती." मग माझ्याकडे वळले. "यश फुक्सच म्हणाला होता ना?"

यशपालभाऊ चिखलात उकिडवे बसले होते. त्यांचा हात त्या पिवळ्या पाठीवर होता.

"हो," मी म्हटलं. "फुक्स."

त्यानंतर काही बरं झालं नाही. मादी महिनाभर संध्याकाळी एकटी ओरडत राहिली. भाऊ खिडकी उघडून उभे राहत, थंडी घरभर शिरली तरी. नाताळाआधी ओरडणं थांबलं. ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. ज्याने गोळी झाडली त्याची बंदूक जमा झाली, क्लामरोटांच्या मागे चौकशी लागली. गावात लोक म्हणू लागले, त्या भारतीयाला सगळं ठाऊक होतं. आस्टाला क्लामरोटांनी लांबच्या एका शिकाऱ्याला देऊन टाकलं. यशपालभाऊंना ते आता "हेर गजभिये", म्हणजे परक्यासारखं "श्रीयुत गजभिये", म्हणतात.

फेब्रुवारीत भाऊंनाही त्या चौकशीचं सरकारी पत्र आलं. प्राणी केव्हा पाहिला, कोणत्या नावाने कळवला, तेच नाव का वापरलं, लेखी द्या. ते पत्र घेऊन ते माझ्याकडेच आले. दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी लॅपटॉप उघडला. ते मराठीत सांगत गेले, मी जर्मनमध्ये लिहीत गेले. तारीख, जागा, रंग. मग त्यांच्या वतीने, 'मी फुक्स असं कळवलं.'

"का, ते विचारलंय," मी म्हटलं. त्यांनी माझं नाव घ्यावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि घेऊ नये असंही तितकंच वाटत होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं आठवत होतं, ते मला दिसत होतं.

"लिहा," ते म्हणाले, "मला जर्मन नीट येत नाही."

मी लिहिलं. दोनदा तपासलं. ह्या माणसाला जर्मन येत नाही, हे मी एकही चूक नसलेल्या जर्मनमध्ये लिहून दिलं. त्यांनी खाली सही केली, माझे आभार मानले आणि जिना उतरून गेले.