उडाणटप्पू तारा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळा बाजार ताई म्हणायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकांशी झुंजायचं आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण लावायची, हा त्यांचा विरंगुळा. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तो किती आहे, हे निरीक्षकांच्या मंडळाला कळवायचं, एवढंच काम.

एका संध्याकाळी ओळखीच्या तीन ताऱ्यांशेजारी एक ठिपका जास्तीचा दिसला. नकाशात तो नव्हता. भिंगातली चकाकी असेल म्हणून ताईंनी दुर्बीण हलवून पाहिली, पण ठिपका त्या ताऱ्यांशेजारून काही हलेना. त्यांनी मंडळाला कळवलं. बाकीच्यांकडे नेमके ढग! आठवड्याने आभाळ मोकळं झालं, तर तिथे काहीच नाही. ताईंनाही दिसेना.

मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर चाचरत विचारलं, "ताई, डोळ्यांचं काही नाही ना?"

प्रश्न वर्मी लागला. नुकताच त्यांचा एक स्क्रू चिमट्यातून सुटला होता आणि समोर पडलेला असून सापडला नव्हता. डोळे गेले म्हणजे दुकान गेलं. ताई नाजूक घड्याळं 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून परत पाठवू लागल्या.

नवरा बस चालवून निवृत्त झालेला. एक दिवस तो म्हणाला, "अगं, चाक पंक्चर झाल्यासारखं तोंड का? काय लपवतेस?"

ताईंनी सगळं सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "नंबर वाढलाय, चष्मा बदला."

ताईंचा जीव अर्धा भांड्यात पडला. पण मग दिसलं होतं ते काय?

उत्तर वेधशाळेतून आलं. मंडळाकडची ताईंची नोंद वाचून तिथल्या संशोधक बाईंनी दुकानात फोन केला. "तुमचा तारा त्या दिवशीच्या आमच्या फोटोत आहे! आता मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर तिथे एक अगदी मंद, निळसर ठिपका अजून आहे. त्याचा प्रकाश तपासला. ती जोडी आहे, ताई. एक तारा दुसऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू भोवती साठतो आणि मधूनच भडकतो. मग पुन्हा शांत."

"म्हणजे उडाणटप्पूच की!"

"असा अचानक भडकून उजेड बदलणारा तारा, त्याला आम्ही स्फोटक रूपविकारी म्हणतो," बाई हसल्या. "पुन्हा कधी भडकेल, सांगता येत नाही. लक्ष ठेवाल?"

ताईंनी मोकळ्या आभाळाची एकही संध्याकाळ सोडली नाही. बहुतेक वेळा 'दिसला नाही' एवढंच कळवायचं. तीही नोंदच, असं बाईंनी सांगितलं होतं. नवरा विचारायचा, "काय, आले का साहेब?"

थंडी सरता सरता साहेब आले. ताईंनी आधी जिन्यातून हाक मारली.

"अहो, वर या! मी काही सांगणार नाही. काय दिसतं, तेवढं बोला."

तो धापा टाकत आला, वाकला. "तीन तारे... आणि उजवीकडे एक आगाऊ ठिपका."

"नक्की?"

"अगं, जन्मभर अंधारात गाडी हाकली मी. आहे म्हणजे आहे!"

ताई कठड्याला टेकून कितीतरी वेळ हसत राहिल्या. मग फोन केले. थोड्याच वेळात दुसऱ्या गावांतूनही 'दिसला' असे निरोप आले. चिटणीस माफी मागायला लागले, तर ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही विचारलंत म्हणून तर चष्मा बदलला!"

मग खाली येऊन त्या पोटभर जेवल्या, आणि बऱ्याच दिवसांनी पाठ टेकताच त्यांना झोप लागली.