तीन बागा आणि एक गल्ली

नागसेन वाठोरेला आदिलाबादच्या जुन्या वस्तीत नावानं ओळखणारे थोडेच. मराठी घरांत तो ‘नळवाले भाऊ’ आणि तेलुगू घरांत ‘नीळ्ळू अन्ना’. रोज सकाळी कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघायचा आणि रस्त्यातली झाकणं उचलून एकेक व्हॉल्व्ह उघडत जायचा. मागच्या गल्लीत हंडे खणखणू लागायचे, तोवर पुढच्या गल्लीतून पाणी आलं का अशी चौकशी सुरू झालेली असायची, “नीळ्ळू वच्चाया, अन्ना?”

त्याचा बाप मुधोळकडच्या एका गावात सालदार होता. गावच्या विहिरीवर बापाला पाणी शेंदायची मुभा नव्हती. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं. नागसेनला पाणीपुरवठ्यात नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा बापानं तीनदा विचारलं, “पान्याच्याच खात्यात ना?” आणि मग तो संध्याकाळपर्यंत एकटाच हसत बसला. त्या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. चढावरच्या घरांना दहा मिनिटं जास्त पाणी सोडायचं, शाळेच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, हे सगळं नागसेनच्या हातापायांत मुरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तीचा कायापालट करायचं ठरलं. हैदराबादहून नकाशे आले. ते घेऊन आली दीक्षा नावाची तिशीतली आर्किटेक्ट. तिच्या आईवडिलांचं मूळ गाव नांदेडकडचं, त्यामुळे घरात मराठी. पण वाढली हैदराबादेत. बैठकीला नागसेनला बोलावलं ते एवढ्याचसाठी, की जमिनीखाली पाइप कुठून गेलेत ते त्याच्याशिवाय कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

भिंतीवर तीन सुंदर चित्रं होती. जुन्या भाजीबाजाराच्या पटांगणात एक बाग, कुंभारतळ्याच्या काठावर दुसरी, शाळेमागच्या मैदानात तिसरी. तिन्हींना लोखंडी कठडे, कमानी, कारंजी आणि गालिच्यासारखी हिरवळ. नागसेननं पाइप दाखवले. मग चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, “मॅडम, बाजारातला मानूस तळ्यावर जाईन कसा?”

“रस्त्यानं,” दीक्षा म्हणाली.

“मोठ्या रस्त्यानं? तिथं टरका धावतेत ना! लेकुरवाळी बाई त्या रस्त्यानं चालत नाई. अन् हे गवत. मे महिन्यात मी लोकाइले दोन दिवसाआड पानी देतो. गवताले रोज देऊ का?”

खोलीत कुणीतरी खोकलं. दीक्षा मात्र रागावली नाही. तिनं चित्रांकडे पाहिलं, नागसेनकडे पाहिलं आणि म्हणाली, “उद्या सकाळी तुमच्याबरोबर आले तर चालेल?”

“चालन. पन चपला घट्ट घालून या.”

ती चार सकाळी त्याच्याबरोबर फिरली. पहिल्या दिवशी वही काढली, दुसऱ्या दिवशी वही पिशवीत ठेवून नुसती बघू लागली. उन्हाळ्यात म्हाताऱ्या कोणत्या कडुनिंबाखाली बसतात आणि डिसेंबरच्या कडाक्यात त्याच म्हाताऱ्या ऊन शोधत कोणत्या भिंतीला टेकतात, पावसाचं पाणी कुठं तुंबतं, भाजीवाल्या बाया पाटी उतरवून कुठं श्वास घेतात, हे सगळं नागसेननं तिला दाखवलं. चौथ्या दिवशी तो तिला बाजाराच्या मागं घेऊन गेला. तिथं एक पत्र्याचं फाटक होतं, फाटकाला गंजलेलं कुलूप.

“याच्या पल्याड गल्ली आहे,” तो म्हणाला. “मी नवा होतो तवा याच गल्लीनं लोक तळ्यावर जात. मधात एक इहीर आहे. अन् गल्लीच्या तोंडाशी शाळेचं मैदान. तिन्ही जागा इथूनच जोडल्या जातेत.”

दीक्षानं फटीतून डोकावून पाहिलं. आत खोक्यांचा डोंगर, त्यावर वेल चढलेले. गल्ली सरकारी होती. पण फाटकाला लागूनच चंपतराव शेठचं भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या वडिलांनी चोरांच्या भीतीनं फाटक बसवलं आणि पुढं दुकानातली रिकामी खोकी तिथं साठत गेली.

चंपतराव तसा वाईट माणूस नव्हता, पण गल्लीचं नाव काढताच त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. “नागसेन, तू आपले नळ पाह्य ना बाप्पा! गल्लीत काऊन नाक खुपसून राह्यला? उद्या माह्या दुकानामागं चोर येतीन, जनावरं येतीन.”

“शेठ, मानसंबी येतीन,” नागसेन म्हणाला.

“मानसाइचंच तर भेव आहे!” असं म्हणून चंपतरावानं गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

नागसेन घरी आला तो मान खाली घालून. मोठ्या तोंडानं मॅडमला सांगितलं आणि आता काम अडलं. त्याची बायको रुख्मिणी अंगणवाडीत काम करते. रडणारं पोर आणि हट्टी माणूस दोन्ही तिच्या रोजच्या ओळखीचे. ज्वारीची भाकरी थापता थापता ती म्हणाली, “तुमी शेठले काऊन इचारता? त्याच्या मायले इचारा.”

चंपतरावाची आई ताराबाई दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत. रोज सकाळी ती खिडकीतून नागसेनला विचारायची, “आज किती वेळ सोडतं रे पानी?” दुसऱ्या दिवशी नागसेननं उत्तर दिलं आणि तिथंच उभं राहून विचारलं, “काकू, तळ्यावर किती दिवसात गेल्या नाई?”

ताराबाईनं खिडकीचे गज धरून खाली वाकून पाहिलं. “नऊ वर्सं झाली. मोठ्या रस्त्यानं पाय उचलत नाई बापा. अन् रिक्षात बसून तळं पाह्याले मी काय पाव्हनी आहे?”

“मागची गल्ली उघडली तर?”

“उघडाले कोन आडवं आलं?” तिनं विचारलं, आणि नागसेनच्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःच ओळखलं. “असं व्हय! तू जाय. पाहतो मी त्याच्याकडं.”

दीक्षानं नगरपालिकेच्या साहेबांकडून एका रविवारची परवानगी मिळवली. एक दिवस गल्ली उघडायची, लोक येतात का पाहायचं, मग पुढचं ठरवायचं. त्या रविवारी सकाळी आठला ती आणि नागसेन फाटकाशी आले तर तिथं आधीच खुर्ची टाकून ताराबाई बसलेली. शेजारी चंपतराव, हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहरा शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

“उघड,” ताराबाई म्हणाली.

चंपतरावानं एकेक किल्ली लावून पाहिली. एकही फिरेना. कुलूप आतून पार गंजलेलं. तेल टाकलं, विटेनं ठोकलं, फुंकरही मारून झाली. शेवटी नागसेननं आपली लांब चावी कडीत अडकवली आणि पहारीसारखी एकदाच दाबली. कडी तुटून थेट गटारात पडली. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चंपतरावालाही हसू आवरेना. “कुलूपबी तुह्याच चावीनं उघडलं, लेका!”

दुकानातल्या माणसांनी खोकी हलवली, भाजीवाल्यांनी वेल ओढून काढले. दीक्षानं चुन्यानं पांढऱ्या रेघा आखल्या, घराघरातून चार बाजा मागून आणून सावलीत टाकल्या. बाजारातून तळ्यापर्यंत तीनशे बारा पावलं भरली. मोठ्या रस्त्यानं हेच अंतर सव्वा किलोमीटर होतं. दुपारपर्यंत तिथून साडेसहाशे माणसं गेली. दीक्षा एका बाजेवर बसून माणसामागे एक काडी बाजूला टाकत मोजत होती आणि मोजता मोजता तिला कुणी पेरू आणून दिला, कुणी ताक.

ताराबाई काठी टेकत, दोनदा बसत, तळ्यावर पोचली. पाण्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, “तळं लहान झालं का माह्ये डोळे?”

“दोन्ही, काकू,” नागसेन म्हणाला, आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मग नकाशे नव्यानं काढले गेले. कठडे गेले, कमानी गेल्या. हिरवळीच्या जागी करंज, कडुनिंब आणि बहावा आला. गल्लीत सिमेंट ओतायचं सोडून फटी ठेवून दगडी फरशी बसवली, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत उतरेल. मधल्या विहिरीतून तेवीस गाड्या गाळ निघाला. झाडांना पाणी आता तिथूनच जातं. नळाचा एक थेंबही लागत नाही. बाक कुठं ठेवायचे यावर दीक्षाच्या कचेरीत मोठी चर्चा झाली तेव्हा नागसेनचं म्हणणं एवढंच होतं, “लोक बसतेत तिथंच ठेवा.”

त्याचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही. शाळेजवळ नळ हवाच म्हणून तो हटून बसला आणि पंधरा दिवसांत तिथं म्हशी बसतील एवढा चिखल झाला. “काका, हा तुमचा,” दीक्षानं बोट दाखवलं. नागसेननं कान पकडले आणि स्वतः खोदून नळ चढाच्या बाजूला दहा फूट सरकवला. शाळेमागचं काम अजून अर्धवटच आहे. तिथली झाडं जेमतेम गुडघ्याएवढी झालीत.

चंपतरावानं या उन्हाळ्यात दुकानाची मागची भिंत फोडून तिथं दुसरं दार काढलं. डबे, पाण्याच्या बाटल्या, तळ्यावर फिरायला येणाऱ्यांना लागेल ते तिथं मांडलं. फाटकाची गोष्ट तो आता स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत गल्ली उघडायची कल्पना त्याची असते. नागसेन शेजारी उभा असला तरी मध्ये बोलत नाही.

त्याची तक्रार वेगळीच आहे. संध्याकाळी तो तळ्यावर येतो तेव्हा एकही बाक रिकामा नसतो. परवा सगळीकडे फिरून पाहिलं, शेवटी कोवळ्या बहाव्याशेजारच्या बाकावर त्याला रुख्मिणी दिसली. ती आणि ताराबाई शेंगा सोलत काहीतरी खुसुखुसू हसत होत्या.

“घरी चला ना, चहा?” तो म्हणाला.

“तुमीच करून घ्या,” रुख्मिणी म्हणाली. “अन् येता येता आमाले दोन कप घेऊन या.”

“माह्या कपात साखर कमी,” ताराबाईनं मागून सांगितलं.

नागसेन गल्लीनं घराकडे निघाला. चंपतरावाच्या मागल्या दाराशी थांबून त्यानं झाकणाची एक किटली मागून घेतली, आणि भरभर चालू लागला.