पाठमोऱ्या मुलीचा अश्रू

"लड़की का मुँह इधर घुमाइए, मॅडम. और गाल पे एक आँसू."

खन्ना साहेबांनी माझ्या चित्रावर पेन्सिलीने गोल केला. कुणी माझ्या चित्रावर पेन्सिल चालवली की माझं डोकं फिरतं. प्रिंटआउट होती म्हणून गप्प बसले.

खन्ना साहेब नोएडातल्या एका प्रकाशनाचे सीरीज एडिटर. मी दिल्लीत मयूर विहारमध्ये राहते आणि बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या वेळचं काम सायलेंट स्प्रेडचं होतं. पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन पानांना आम्ही स्प्रेड म्हणतो. सायलेंट म्हणजे त्यावर एक अक्षरही नाही. चित्र एकच, आणि ते बघून मुलांनी आपली आपण गोष्ट सांगायची. विषय होता घर बदलणं.

विषय माझ्या घरचाच. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं लहानपण तीन सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. मी रिकामी खोली काढली. फोटो काढून घेतल्यावर भिंतीवर उरलेला चौकोन काढला. दाराबाहेर सामानाने भरलेला टेम्पो, त्यात बसलेले आईवडील. आणि आत, भिंतीशी एक पाठमोरी मुलगी. भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, दर वाढदिवसाला मोजलेल्या तिच्या उंचीच्या. तिचं बोट सगळ्यात वरच्या रेघेवर.

"बच्चों को पता कैसे चलेगा कि वो दुखी है?" खन्ना साहेबांनी विचारलं.

"हाथ देखिए, सर."

"हाथ कौन देखता है? बच्चा चेहरा देखता है."

"चेहरा देखेगा, बोलेगा रो रही है, और पन्ना पलट देगा. कहानी ख़तम."

"तो ठीक है ना! आँसू के बिना अप्रूव नहीं होगा. आप नहीं करेंगी तो एआय से लगवा लेंगे. दो मिनट का काम है."

माझा पारा चढला. "तो मेरा नाम हटा दीजिए. बाकी की पाँच किताबें भी किसी और को दे दीजिए."

ती पाच पुस्तकं म्हणजे माझं पुढचं वर्षभराचं काम. बोलून बसले होते, आता माघार घेणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी अट घातली. आधी मुलांना चित्र दाखवते. त्यांना कळलं नाही, तर अश्रू मी स्वतः काढेन. साहेबांनी सोमवारपर्यंत वेळ दिला.

पहाडगंजमधल्या एका मराठी शाळेत माझी मैत्रीण शुभदा तिसरीला शिकवते. तिने मला एक तास दिला. मी चित्र फळ्यावर लावलं आणि एवढंच विचारलं, "काय झालंय इथे?"

"ट्रान्सफर झालीय," पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला. "आणि हिला जायचं नाहीये."

"कशावरून?"

"सगळे टेम्पोत बसले ना. ही अजून आतच आहे."

मनातल्या मनात मी खन्ना साहेबांना त्या बाकावर नेऊन बसवलं. तेवढ्यात खिडकीजवळची गार्गी उभी राहिली.

"मॅडम, पण यात एक चूक आहे."

"कुठली गं?"

"या रेघा राहणार नाहीत. नवीन लोक यायच्या आधी पुताई होते. आम्ही जुन्या क्वार्टरची चावी द्यायला गेलो, तर पुताईवाले भैया आलेपण होते. माझी हाइट गेली सगळी."

मला फार लाज वाटली. तीन क्वार्टर्स सोडली, तिन्ही वेळा मागे रंगसफेदी झाली, आणि बादली माझ्या चित्रात नाही! साहेबांशी भांडण्याच्या नादात मी माझं चित्र नीट बघितलंच नव्हतं.

त्याच दुपारी मी दाराशी चुन्याची बादली काढली. तिच्यावर आडवा ठेवलेला कुंचला. मुलगी पाठमोरीच ठेवली, फक्त तिचा हात बदलला. आधी एक बोट होतं, आता पसरलेला पंजा, जेवढ्या रेघा झाकता येतील तेवढ्या झाकणारा.

सोमवारी खन्ना साहेबांनी विचारलं, "आँसू?"

"नहीं है. लगेगा भी नहीं. बच्चे समझ गए."

ते चित्राकडे बघत राहिले. मुलगी, मग पंजा, मग बादली. त्यांचं बोट बादलीवर थांबलं.

"ये... इसके ऊपर पोत देंगे?"

"हाँ, सर."

"पूरी दीवार?"

"पूरी."

मग साहेब चित्र फाइलमध्ये ठेवत म्हणाले, "भेज दीजिए प्रिंट में. नाम आपका ही रहेगा."

खन्ना साहेब चुकले होते, हे मी भेटेल त्याला सांगते. मीही अर्धवट चित्र घेऊनच भांडत होते, हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण तेव्हापासून कुणाशीही भांडायच्या आधी मी चित्र एखाद्या मुलाला दाखवते.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत गार्गीला दिली. तिने ते पान उघडलं, बादली बघितली आणि म्हणाली, "आता बरोबर आहे." मग कंपासमधून पेन्सिल काढली आणि छापलेल्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, स्वतःची एक रेघ मारली.

माझ्या चित्रावर पेन्सिल चालवायची परवानगी तिला एकटीला आहे.