पहिली पसंती

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम आम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तयार केला होता. बाबा सरकारी कचेरीतले कारकून, त्यांना खाडाखोड चालत नसे. सगळा खल करून त्यांनी पहिल्या क्रमांकावर सरकारी कॉलेज लिहिलं. माझ्या मार्कांना ते सहज मिळणार होतं. यादी ऑनलाइन भरली, फक्त कन्फर्म करायची राहिली.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. कर्वेनगरच्या क्लासमध्ये एक मुलगा माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याला इंटिग्रेशन कधी जमलं नाही. क्लास सुटला की सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर घरापर्यंत चालत यायचा, त्याचं घर अगदी उलट्या दिशेला असताना. वाटेत टपरीवर एक चहा दोघांत. तो चहा आठवला की आजही छान वाटतं, खोटं कशाला बोलू? आमच्या शहरात त्याला मिळालंच तर एक खासगी कॉलेज मिळणार होतं. दोन कॉलेजांत बसने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर, पण सतराव्या वर्षी अर्धा तास म्हणजे परदेश.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याचसाठी पुस्तकं बघायला बुधवार पेठेत गेले. मी कॉम्प्युटर उघडला, त्याचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर नेलं आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय. यादी कन्फर्म करतेय.”

“सगळं नीट तपासलंस ना?”

“हो.”

हॉर्नच्या गोंगाटात त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला.

पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदल नाही, हा नियम मला बाबांनीच समजावला होता. निकाल बघून त्यांना वाटलं, कॉम्प्युटरनेच घोळ घातला. रजा टाकून ते मला प्रवेश केंद्रावर घेऊन गेले आणि खिडकीतल्या बाईंशी चक्क भांडले. “अहो, माझी मुलगी अशी चूक करणार नाही.” मी शेजारीच उभी होते.

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. यादी बदलल्याची वेळ तिथे होती. “ओटीपी आपल्याच मोबाइलवर गेलाय. आम्ही नाही वाचला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, “मीच बदलली होती यादी. लक्षात राहिलं नाही. आपल्याला उगाच त्रास दिला.”

परतताना बसमध्ये ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या मुलाबद्दल मी घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. डेक्कन गेल्यावर त्यांनी विचारलं, “मुलगा चांगला आहे ना?”

मी मान हलवली.

मुलगा चांगलाच होता. ते कॉलेज त्याची पहिली पसंती नव्हतं, त्यामुळे पुढच्या फेरीत त्याला नागपूरला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. “एवढी चांगली ब्रँच सोडू कशी, तूच सांग,” असं म्हणून तो गेला. त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

घरी मी हे सांगितलं नाही. दिवाळीत आई चकल्या तळत होती तेव्हा बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “त्याला एकदा फराळाला बोलव.” तो केव्हाच गेलाय हे सांगताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या खिडकीपाशीही वाटली नव्हती.